परिचारिकेचा शब्द

मागच्या पावसाळ्यात माझ्या आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. असे कोठेही घडू शकते. रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. पहाटे तीनच्या सुमारास ड्यूटीवरच्या सिस्टर दोन-तीनदा आत-बाहेर झाल्या. आईची नाडी वाढत होती, लघवी कमी होत चालली होती. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना त्यांनी तसे सांगितले. ते म्हणाले, "सकाळच्या राऊंडला बघू." सिस्टर थोडा वेळ थांबल्या, आणि मग त्यांनी सरळ मोठ्या सर्जनांच्या घरी फोन लावला. पोटात रक्तस्राव होत होता. साडेचारला आई पुन्हा थिएटरमध्ये होती. आज ती घरी आहे, भाजी निवडते आहे. सिस्टरांना मात्र आठवड्याने मेमो मिळाला: वरिष्ठांना परस्पर फोन का केला, याचा खुलासा करावा.

आता तुम्हीच विचार करा. डॉक्टर रोग्यापाशी पाच मिनिटे असतात. त्यांचा यात दोष नाही. त्यांच्यापुढे तसे चाळीस रोगी असतात. परिचारिका पाळीभर तेथेच असते. पेज किती पोटात गेली, कूस बदलताना रोगी कण्हला का, काल बोलत होता तो आज गप्प का, हे तिला ठाऊक असते. पण हे सारे केसपेपरच्या एका कोपऱ्यात जाऊन बसते. खाटा किती वाढवायच्या, रात्रपाळीला माणसे किती, हातमोजे कोणते घ्यायचे, हे दुसऱ्याच खोलीत ठरते. (आम्हा मास्तरांना हे नवे नाही. वेळापत्रक लावणारा वर्गात क्वचितच येतो.)

परिचारिकेला मान द्या, असे आपण नेहमी म्हणतो. मानाने भागत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ साली काय झाले ते पाहा. अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, आणि तिच्यातून पुष्कळदा जंतूंचा शिरकाव होतो. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुवा, कातडी औषधाने स्वच्छ करा, अंगभर निर्जंतुक चादर घाला, टोपी-मास्क-मोजे-गाऊन चढवा, वर निर्जंतुक पट्टी लावा. यात नवीन काय? काहीच नाही. महिनाभर परिचारिकांना नुसते पाहायला सांगितले, तर एक तृतीयांशाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत डॉक्टर एखादी तरी पायरी गाळत होते. परिचारिकांना हे आधी दिसत नव्हते असे थोडेच आहे? फरक पडला तो पुढच्या महिन्यात. पायरी गाळली तर डॉक्टरला तेथेच थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनाने परिचारिकांना दिला. नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग झाला. त्याचे आकडे २००६ साली प्रसिद्ध झाले, तेही असेच बोलके होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जबाबदारी डॉक्टरांची, मग मध्येच दुसऱ्याचा हुकूम कसा चालेल? पण परिचारिकेने निदान करावे, औषध ठरवावे, असे कोण म्हणतो? तिने "थांबा" म्हटले तर थांबावे, आणि वॉर्डाविषयीचा ठराव होताना तिची खुर्ची तेथे असावी, एवढेच मागणे आहे. अधिसेविकेला बैठकीला बोलावतात, हे मला माहीत आहे. बहुधा निर्णय झाल्यावर, तो खाली कळवण्यासाठी.

आपल्याकडे खाटेपाशी राबणाऱ्यांचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने एकदा मानला आहे. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ साली जाईपर्यंत. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना हलवण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा परिचारिकांनीच तो हाणून पाडला. पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी अर्ज केला. अरुणाच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. २०११ च्या निकालात न्यायालयाने तो हक्क दिला केईएमच्या कर्मचाऱ्यांना, कारण इतकी वर्षे रात्रंदिवस तिचे सारे त्यांनीच केले होते. दयामरणाविषयी तुमचे मत काहीही असो. कोणाचे ऐकायचे, एवढ्यापुरता तो निकाल मला फार मोलाचा वाटतो.

त्या मेमोचे राहिलेच. सिस्टर मला म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठी शिकवता, उत्तर तेवढं लिहून द्या." मी तावातावाने दोन पाने लिहून नेली. त्यांनी वाचली, हसल्या, आणि त्यातल्या तीनच ओळी ठेवल्या. एक वाजता नाडी ८८. तीन वाजता ११८, लघवी नाही. म्हणून फोन केला.