छापायचं काय, हे कोण ठरवतं?



बाईच्या हाती लेखणी आली की ती सक्षम झाली, असं आपण सहज म्हणून जातो. जुळे सोलापुरातल्या या समारंभात पदवी घेणाऱ्या मुलींकडे पाहून तसं म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण इतिहास तेवढ्यावर थांबू देत नाही. 1855 साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. पुढे तिचं दुसरं लेखन आपल्यापर्यंत पोचलं नाही. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली निघालं. त्यावर टीकेची इतकी झोड उठली की 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि पहिलंही विस्मरणात गेलं; संशोधक स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा वाचकांपुढे आणलं. प्रतिभा दोघींकडेही होती. नव्हता तो पुढचा अंक काढण्याचा अधिकार. म्हणून मी म्हणते, काय छापायचं हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बाई बसते, तेव्हाच तिच्या लेखनाला उद्याचा दिवस मिळतो.

तानूबाई बिर्जे त्या खुर्चीवर बसल्या. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली सुरू केलेलं, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांपर्यंत नेलेलं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र पतीच्या निधनानंतर तानूबाईंनी संपादक म्हणून चालवलं. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. त्याच सुमारास टेक्सासमधल्या लारेडो गावात होविता इदार ‘ला क्रोनिका’ या स्पॅनिश पत्रातून मेक्सिकन वंशाच्या लोकांवरच्या अन्यायाबद्दल लिहीत होत्या. 1911 मध्ये त्या स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. 1914 मध्ये ‘एल प्रोग्रेसो’ या पत्राचा छापखाना बंद पाडायला सशस्त्र टेक्सास रेंजर आले तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. रेंजर त्या दिवशी परतले. नंतर येऊन त्यांनी यंत्रं मोडलीच. छापखान्यावर चालून येणाऱ्यांना त्याची ताकद नीट कळलेली असते.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे, संपादक हवाच कशाला? फोनमुळे बोलण्याची वाट मोकळी झाली, हे मोठंच काम झालं. पण दहा जणींची साक्ष पडताळणं, कागद मिळवणं, नोटीस आली तर लिहिणारीच्या पाठीशी उभं राहणं आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारणं, ही एकटीच्या आवाक्यातली कामं नव्हेत. त्यासाठी संस्था लागते. विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक होत्या, 1930 पासून चालत आलेलं ते नामांकित मासिक. तरीही 1989 मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतःचं मासिक उभं केलं. त्या निर्णयाचं मोल मला फार वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बायकांचं वेगळं पान, वेगळं मासिक म्हणजे पुन्हा एक वेगळी ओसरीच नाही का? होऊ शकते. पण तानूबाईंनी चालवलेलं ‘दीनबंधु’ बायकांचं पत्र नव्हतं, शेतकरी-कामकऱ्यांचं होतं. आपल्या शहरातच पाहा. हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पानं आणि तंबाखू मोजून मिळतो, मजुरी हजारी विड्यांवर ठरते. पान खराब निघालं किंवा विडी नापास झाली की तोटा तिचा. ही बातमी महिला दिनाच्या पुरवणीची नव्हे, उद्योग आणि अर्थकारणाच्या पानाची आहे. उजनी धरणाचं पाणी किती दिवसांआड येतं हे छापून येतं. अवेळी पाणी आलं तर झोप कोणाची मोडते, कामाचा खाडा कोणाचा होतो, हेही त्याच बातमीत यायला हवं. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. तुमच्यापैकी ज्यांना तेलुगू आणि मराठी दोन्ही येतात, त्यांनी वार्ताहर म्हणून अर्ज जरूर करावा, आणि चार-पाच वर्षांनी वृत्तसंपादकाची जागा निघेल तेव्हा तीही मागावी.