मापलेली दारू

नळीत दारू किती जावी, हे एके काळी शिपायाच्या हाती होते. शिंगातून माप भरावे, नळीत ओतावे. दारू कमी पडली तर गोळी दुबळी. अधिक झाली तर नळी फुटून शिपाईच जायबंदी. कागदी काडतुसाने ही जोखीम कारखान्याकडे नेली. एन्फील्डच्या काडतुसात सुमारे साडेचार ग्रॅम दारू आधीच मापलेली असे. मात्र दुसऱ्याने बांधलेल्या पुडीवर विश्वास लागतो. चरबीच्या शंकेने १८५७ मध्ये तोच उडाला. १८ जानेवारी १८५८ रोजी याच रायपुरात उठाव करणारा हनुमानसिंह हाही पलटणीच्या दारूखान्यावरचा माणूस होता.

काही देशांत आज हौशी नेमबाज घरीच काडतुसे भरतात. स्वयंचलित यंत्र दारू आधी भरभर, मग कणाकणाने तागडीत सोडते आणि ठरल्या वजनाशी थांबते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याविना दारूगोळा बनविता येत नाही. यंत्र वजन अचूक करते. परंतु कोणती दारू कोणत्या काडतुसात किती, हे त्याला ठाऊक नसते. हात मोकळा झाला, जबाबदारी मात्र माणसाचीच राहिली.