पत्ता ठाऊक होता, पण गेलं कोण?

नाताळात कॅम्पातल्या चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा पाहिलाय ना? त्यातले तीन राजे मत्तयाच्या शुभवर्तमानात राजे नाहीतच. ते ‘मागी’, पूर्वेकडचे ज्ञानी. किती होते तेही लिहिलेलं नाही. भेटवस्तू मात्र तीन: सोनं, ऊद, गंधरस.

मी नेहमी अडतो तो यरुशलेमच्या शास्त्र्यांपाशी. ‘ख्रिस्त बेथलेहेमात जन्मेल’ हे हेरोदाला त्यांनीच सांगितलं. अंतर साधारण नऊ किलोमीटर, शनिवारवाड्यापासून कात्रज असेल तेवढं. तरी ते गेल्याचा उल्लेख नाही. गेले ते लांबून आलेले, परके, वाट विचारत आलेले.

माहिती आपल्याही मोबाईलमध्ये भरपूर आहे. श्रद्धा मात्र उठून चालायला लागल्यावरच सुरू होते. आणि बाळाला भेटून मागी हेरोदाकडे गेले नाहीत. दुसऱ्या वाटेने परतले. देव भेटला की वाट बदलते. आपली बदललीय का?