ओएलईडी टीव्हीचं सेटिंग: दुकानातला मोड, कापसाचा पांढरा आणि बोर्डाचं बटण

(ज्यांना भाग ऐकता येत नाही किंवा सेटिंग करताना समोर मजकूर हवा असतो, त्यांच्यासाठी हा पूर्ण भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" थोडे कमी केलेत.)

यवतमाळमधून बोलतोय, बाहेर ऊन असं आहे की कूलरनेही हात टेकले. आजचा विषय तुम्ही व्हॉइस नोट पाठवून पाठवून मागितलेला: ओएलईडी टीव्ही घेतला, पैसे गेले, पण पिक्चर दुकानात दिसला तसा घरी दिसत नाही. गेमसाठी काय लावू? सिनेमासाठी काय लावू?

सांगतो. पण आधी माझी चूक सांगतो, कारण त्या चुकीतूनच मी हे सगळं शिकलो.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी ओएलईडी आला. थोडी माझी बचत, थोडे बाबांचे कापसाचे पैसे. आमचं घर तालुक्याच्या गावाला आहे, टीव्ही हॉलमध्ये. दिवसा बाबा बातम्या आणि कापसाचे भाव बघणार, संध्याकाळी आई मालिका, रात्री दहानंतर मी आणि माझा लहान भाऊ: गेम नाहीतर पिक्चर. एका रात्री 'तुंबाड' लावला. 2018 चा सिनेमा, पंकज कुमारचा कॅमेरा, पाऊस आणि कंदिलाचा उजेड. ओएलईडीवर बघायला याहून चांगलं काय? आणि तेवढ्यात एका राखाडी आभाळाच्या सीनमध्ये मला खाली एक आडवी पट्टी दिसली. पुसट. न्यूज चॅनलची पट्टी. चॅनल बंद, पट्टी मात्र चालूच!

मी सकाळी बाबांवर चिडलो. "दिवसभर एकच चॅनल कशाला लावून ठेवता?" बाबा काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "माह्यामुळं खराब झाला का रे टीव्ही?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. भाव मोबाइलवर बघायला लागले, तेही चष्मा वर-खाली करत.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी सेटिंग.

हा टीव्ही वेगळा का आहे ते एका मिनिटात. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढे पडदा. काळं दाखवायचं तर पडदा दिव्याला अडवतो, पण थोडा उजेड झिरपतोच. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा. 4K म्हणजे 3840 गुणिले 2160, जवळपास 83 लाख पिक्सेल, आणि प्रत्येक स्वतःपुरता पूर्ण विझू शकतो. म्हणून काळा खरंच काळा. या तंत्राचा पाया 1987 साली कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी घातला. यात 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक, आणि हा पदार्थ वापरानं हळूहळू झिजतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिलं काम: दुकानातला मोड काढा. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' हा मोड शोरूमच्या पांढऱ्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायला बनवलाय. घरी तोच ठेवला तर माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे आणि गवत प्लॅस्टिकसारखं. सिनेमासाठी 'फिल्ममेकर मोड' लावा. 2019 मध्ये यूएचडी अलायन्सनं तो जाहीर केला, आणि मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. हा मोड नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. एवढ्या एका बदलात निम्म्याहून जास्त काम झालं समजा.

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, सगळं पिवळं दिसतंय!" आमच्याकडेही तेच झालं. बाबा म्हणाले, "पिवळं काऊन दिसून राह्यलं?"

तर मित्रांनो, सिनेमा ज्या पांढऱ्या रंगावर तयार होतो त्याला डी65 म्हणतात, साधारण 6500 केल्विन. टीव्हीत तो सहसा 'वॉर्म' नावाखाली असतो. 'कूल'मध्ये पांढऱ्यात निळं मिसळलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं आपले डोळे त्यालाच पांढरं समजायला शिकलेत. हे बाबांना पटवायला मी एक प्रयोग केला. घरात कापूस होताच. आमच्या हॉलची ट्यूबलाइट 'कूल डेलाइट' 6500 केल्विनची आहे, बहुतेकांच्या घरी तशीच असते. रात्री ती लावली, टीव्हीवर पांढरी स्क्रीन आणली आणि कापसाचं एक बोंड स्क्रीनच्या बाजूला धरलं. 'कूल' लावलं: स्क्रीन निळसर, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी. 'वॉर्म' लावलं: जवळजवळ कापसाच्याच रंगाची. ज्या माणसानं आयुष्यभर कापसाचा रंग बघून प्रत ओळखली, त्याला अजून काय सांगायचं! बाबा म्हणाले, "आपला कापूसच खरा हाय न मंग." विषय संपला. तुम्हीही चार दिवस 'वॉर्म' ठेवा. पाचव्या दिवशी 'कूल' लावून बघा, तुम्हालाच खटकेल.

दुसरं: मोशन. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो, आणि मग करोडोंचा पिक्चर दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एक व्हिडिओच टाकला होता: कृपा करून हे बंद करा. एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' शोधा आणि सिनेमासाठी बंद करा. एक खरी गोष्ट पण सांगतो. ओएलईडीचा पिक्सेल इतका पटकन बदलतो की कॅमेरा हळू फिरतो तेव्हा चित्र टप्प्याटप्प्यानं सरकल्यासारखं वाटतं. तो बिघाड नाही. फारच त्रास होत असेल तर ही सेटिंग सगळ्यात कमी पातळीवर ठेवा. क्रिकेटला हवी तेवढी लावा, तिथे माझी हरकत नाही.

तिसरं: ब्राइटनेस. इथं गंमत आहे. बऱ्याच टीव्हीत 'ब्राइटनेस' नावाची सेटिंग उजेडाची नसतेच, ती काळ्या रंगाची पातळी असते. वाढवली की काळा राखाडी होतो आणि ओएलईडीचे पैसे पाण्यात. उजेडाची सेटिंग 'ओएलईडी लाइट' किंवा 'पिक्सेल ब्राइटनेस' अशा नावानं असते. सोनीत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजे खरंच उजेड, आणि काळ्यासाठी वेगळं 'ब्लॅक लेव्हल'. म्हणून हात लावण्याआधी खालची ओळ वाचा. साध्या कार्यक्रमांना उजेड डोळ्याला बरा वाटेल इतका ठेवा, रात्री कमी. एचडीआर सिनेमात उजेड आधीच पूर्ण असतो, तिथं छेडू नका. आणि हो, 'एनर्जी सेव्हिंग' चालू असेल तर पिक्चर उगाच अंधारतो. अंधारात बघताना ते बंद करा.

'शार्पनेस' वाढवून चित्र स्पष्ट होत नाही. कडांना पांढरी रेघ येते, बस. फिल्ममेकर मोडमध्ये जेवढा दिलाय तेवढाच ठेवा.

आता गेमवाले, जागे व्हा!

गेमला सगळ्यात महत्त्वाचा 'गेम मोड'. का ते क्रिकेटनं सांगतो. ताशी 140 किलोमीटरचा बॉल सेकंदाला जवळपास 39 मीटर जातो. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि उशीर 100 मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे तुम्हाला बॉल दिसतो तोवर तो जवळजवळ चार मीटर पुढे गेलेला असतो. मग बॅट कधी लागणार? माझा भाऊ महिनाभर कंट्रोलरला शिव्या देत होता, आणि दोष होता टीव्हीच्या मोडचा! गेम मोडमध्ये हाच उशीर 10-15 मिलिसेकंदांवर येतो, 120 हर्ट्झवर त्याहून कमी. नवीन टीव्ही आणि कन्सोल असतील तर 'एएलएलएम' चालू करा, मोड आपोआप बदलतो.

120 हर्ट्झसाठी तीन गोष्टी बघा. टीव्हीचा कोणता पोर्ट 4K 120 वाला आहे. केबल 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली, 48 जीबीपीएसची आहे का. आणि त्या पोर्टची 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' सेटिंग चालू आहे का. कन्सोलसोबत आलेली केबल जपून ठेवा, सेट टॉप बॉक्सला देऊन टाकू नका.

एचडीआर गेमला टीव्हीत 'एचजीआयजी' पर्याय असेल तर आधी तो लावा, आणि नंतर कन्सोलमधलं एचडीआर कॅलिब्रेशन करा. हा क्रम उलटा करू नका. पीएस5 मध्ये चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंत दाबायचं असतं. एचजीआयजी म्हणजे काय, तर उजेडाचा हिशेब फक्त गेम करणार, टीव्ही मध्ये बोलणार नाही. दोघांनी हिशेब केला की ढग पांढराफटक आणि त्यातले बारकावे गायब. पीसीवाल्यांसाठी विंडोज 11 चं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू, कारण यूट्यूबवरचे परदेशी रिव्ह्यूवाले हे सांगत नाहीत.

एक, ऊन. ओएलईडीची काच चकचकीत असते. पश्चिमेच्या खिडकीसमोर टीव्ही लावला तर दुपारी टीव्ही कमी आणि आरसा जास्त. जागा बदला, नाहीतर जाड पडदा. दोन, कूलर. त्याचं तोंड टीव्हीकडे ठेवू नका, ओली हवा आणि धूळ थेट आत जाते. टीव्हीमागे हवा खेळायला जागा ठेवा, उष्णता या पॅनलची वैरी आहे. तीन, इंटरनेट. नेटफ्लिक्स 4K साठी किमान 15 एमबीपीएस सांगतं. वेग पडला की अंधाऱ्या सीनमध्ये डागडाग आणि पट्टे दिसतात, आणि आपण टीव्हीला बोल लावतो.

आणि चार, वीज. इथंच माझी चूक आहे.

मगाशी म्हटलं, हा पदार्थ झिजतो. जो पिक्सेल जास्त जळतो तो जास्त झिजतो. न्यूज पट्टी, चॅनलचा लोगो, गेममधला नकाशा एकाच जागी तासन्‌तास राहतात. म्हणून टीव्ही स्वतःची दुरुस्ती करतो. साधारण चार तास वापर झाला की, रिमोटनं बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना तो पिक्सेल तपासतो आणि फरक भरून काढतो. काही मिनिटांचं काम असतं. बऱ्याच टीव्हीतून संपल्यावर 'टिक' असा आवाज येतो. पण अट एकच: वीज चालू पाहिजे.

आणि आमच्या घरी? पहिल्याच पावसाळ्यात जवळ वीज पडली आणि शेजारच्यांचा सेट टॉप बॉक्स जळाला. त्या दिवशी मी घरात नियम केला: टीव्ही बंद केला की लगेच बोर्डाचं बटणही बंद. आई-बाबांनी तो नियम इमानदारीनं पाळला, रोज. म्हणजे पावणेदोन वर्षं माझ्या टीव्हीला एकदाही ते काम करता आलं नव्हतं. चॅनल बाबांनी लावलं, खरं आहे. पण दुरुस्तीची वाट मी बंद केली होती. आणि चिडलो मी, तेही त्यांच्यावर.

हे कळल्यावर आम्ही आठवडाभर बटण चालू ठेवलं. मग सेटिंगमधलं मोठं 'पॅनल रिफ्रेश' एकदा चालवलं, साधारण तासभर लागतो. ते सारखं सारखं करायचं नसतं, त्यानं पॅनलवर ताण येतो. पट्टी बरीच गेली. पूर्ण राखाडी स्क्रीन लावून डोळे बारीक केले तर आजही एक सावली दिसते. सिनेमात दिसत नाही.

मग बाबांकडे गेलो आणि सांगितलं, "बाबा, चूक माझी होती. तुम्ही बसा हॉलमध्ये." ते म्हणाले, "अन् पुन्हा पट्टी पडली तं?" म्हटलं, तेवढं मी बघतो.

काय बघतो, ते लिहून घ्या. दिवसाच्या बातम्यांसाठी उजेड कमी केलेला वेगळा मोड. 'स्क्रीन शिफ्ट' आणि 'लोगो ब्राइटनेस' कमी करणारी सेटिंग चालू. गेम पॉज करून जेवायला जायचं नाही. रात्री रिमोटनं बंद, पंधरा मिनिटं थांबायचं, टिक ऐकू आली की मग बोर्डाचं बटण. आणि आभाळ भरून आलं तर टिकची वाट बघायची नाही, गडगडाट सुरू होण्याआधीच: प्लग काढा, डिशची केबल काढा, नेटची केबलही काढा. एका रात्रीची दुरुस्ती राहिली तर राहू द्या, उद्या होईल.

आता रात्री ती 'टिक' ऐकायची जबाबदारी बाबांनीच घेतलीय. ऐकली की आवाज देतात, "झालं त्याचं, कर आता बंद!"

तर आज एकच करा. घरी गेल्यावर मोड बदला, आणि रात्री बोर्डाकडे जाणारा हात पंधरा मिनिटं थांबवा. टीव्हीचं मॉडेल आणि अडचण व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात आवाजाचं बोलू: सिनेमात डायलॉग ऐकू येत नाहीत आणि मारामारीत शेजारी उठतात, त्यावर उपाय. तोवर पाणी प्या, उन्हात फिरू नका. भेटू!