गोठवून जपलेला वंश

मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचं मोलाचं संशोधन केलं. ‘आयसीआरसी’ हा उंदरांचा वंश त्या संस्थेच्याच नावाचा आहे. असा वंश पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांच्या मीलनातून टिकवतात. पण एखादी साथ किंवा आग त्याला संपवायला पुरते. १९४७ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतले हजारो उंदीर आगीत गेले. इतर प्रयोगशाळांनी वंश परत पाठवले, म्हणून काम पुन्हा उभं राहिलं.

हा धोका टाळायची वाट नंतर सापडली. १९७२ साली व्हिटिंगहॅम, लायबो आणि मेझर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गोठवलेल्या भ्रूणांतून जिवंत पिल्लं मिळवली. संरक्षक द्रावणात भ्रूण अगदी सावकाश थंड करायचे, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर पडतं आणि आत घातक बर्फ होत नाही. मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे. हवे तेव्हा वितळवून उंदरीच्या गर्भाशयात सोडले, की जनुकीय गुणांसकट तोच वंश पुन्हा जन्मतो.