स्वस्त गेमिंग लॅपटॉप : कात्री कुठे लागली?



कॅप राउंडमध्ये इंजिनिअरिंगची सीट पक्की झाली, की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. मुलगा म्हणतो, "बाबा, घ्यायचाच आहे तर गेमिंगचा घेऊ, कोडिंगलाही तोच बरा." बाबा म्हणतात, "सत्तर हजार. वर एक रुपया मागायचा नाही." आता या 70 हजारांतले साडेदहा हजारांहून जास्त तर 18 टक्के जीएसटीतच जातात. उरलेल्या साठेक हजारांत ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, पडदा, पंखे, बॅटरी सगळं बसवायचं, आणि कंपनीपासून दुकानदारापर्यंत प्रत्येकाला त्यात चार पैसे सुटायला हवेत. म्हणजे कुठे ना कुठे कात्री लागलेली असणारच. ती कुठे लागली आहे, आणि तिथे ती आपल्याला चालणार आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं.

सगळ्यात लबाड कात्री असते ती ग्राफिक्स कार्डाच्या विजेला. खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, आरटीएक्स 4050. पण याच नावाचं कार्ड लॅपटॉप कंपनी 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेत बसवू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपातलं कमी वॉटचं 4050 आणि जाडजूड मशीनमधलं पूर्ण वॉटचं 4050, दोघांचा स्टिकर एकच. पण गेम सुरू केला की फरक डोळ्यांना दिसतो. पूर्वी कमी वॉटच्या कार्डाच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहून तरी यायचं. 2021 मध्ये 30 मालिकेची कार्डं आली आणि नावातली ती खूण गेली. आता वॉटचा आकडा शोधावा लागतो तो कंपनीच्या वेबसाइटवर, तपशिलाच्या बारीक अक्षरांत.

दुकानात मशीन चालू करून दाखवत असतील तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडायला सांगा. त्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये कार्डाची कमाल पॉवर लिहिलेली असते. तेही जमलं नाही तर सरळ अडॅप्टर हातात घ्या. त्याच्या पाठीवर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. 20 व्होल्ट गुणिले साडेअकरा अँपिअर म्हणजे 230 वॉट. 20 गुणिले 6 म्हणजे 120. कार्ड 95 वॉटचं आणि प्रोसेसर 45 वॉटचा असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर नुसत्या त्या दोघांचेच 140 झाले, पडदा आणि पंखे वेगळेच. मग सोबतचा अडॅप्टर 120 चा कसा, असं विचारा. सेल्समन गप्प झाला तर समजून जा.

जाता जाता, अशा काही मोठ्या अडॅप्टरांच्या वायरीला 16 अँपिअरची जाड पिन येते. होस्टेलच्या टेबलाजवळच्या साध्या सॉकेटात ती जात नाही. चिरंजीव होस्टेलला जाणार असतील तर हेही आत्ताच बघून ठेवा.

कार्डाची स्वतःची मेमरी ही दुसरी जागा. 2050 आणि जुनं 3050 यांच्यावर 4 जीबी मेमरी असते. 3050 चीच 6 जीबीची आवृत्ती पुढे आली, 4050 वरही 6 जीबीच असते. आता मुलाला खेळायचं काय आहे ते विचारा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 असेल तर 4 जीबीतही सुखाने भागतं. त्या खेळांची भूक प्रोसेसरला जास्त असते. पण मोठे, कथानकाचे नवे गेम हवे असतील तर हिशेब वेगळा. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ने किमान अपेक्षाच 8 जीबीच्या कार्डाची ठेवली. बजेट थोडं ताणून 8 जीबीचं 5050 मिळत असेल, तर ताणावं असं माझं मत आहे. कार्ड बोर्डावर झाळलेलं असतं, ते नंतर बदलता येत नाही.

रॅमचं तसं नसतं. म्हणून कात्री लागायचीच असेल तर ती रॅमला आणि एसएसडीला लागलेली मला चालते, कारण पुढे भर घालता येते. फक्त दुसरा स्लॉट मोकळा आहे ना, हे बघून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे दोनपैकी एक असं दिसलं तर जागा आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा, की आत्ता मशीन एकाच पट्टीवर चालतंय आणि मेमरीचा वेग निम्माच मिळतोय. 16 जीबीच्या एका पट्टीपेक्षा 8 च्या दोन पट्ट्या गेमिंगला केव्हाही बऱ्या. एक सावधगिरी : 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली. "आत्ता 8 वर घेऊ, दिवाळीत वाढवू" असं ठरवण्याआधी पट्टीचा आजचा भाव विचारून या.

आता एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. या किमतीत रायझन 7, 7435 एचएस हा प्रोसेसर बऱ्याच मशीनमध्ये सापडतो. काम चोख करतो, पण त्याच्या पोटात स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. त्यामुळे वर्गात साध्या नोट्स काढतानाही मोठं ग्राफिक्स कार्ड जागंच राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. मशीन टेबलावरून हलणारच नसेल तर खुशाल घ्या. रोज कॉलेजला न्यायचं असेल तर नको.

पडद्याबद्दल थोडक्यात. 144 हर्ट्झ हे सगळेच मोठ्याने सांगतात, '45 टक्के एनटीएससी' हा रंगांचा आकडा कोणी उच्चारत नाही. त्या पडद्यावर लाल रंग विटकरी दिसतो. फक्त गेम खेळणाऱ्याला त्याचं फारसं दुःख नसतं. फोटो किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याने '100 टक्के एसआरजीबी' लिहिलेला पडदाच बघावा.

आणि उष्णता. लॅपटॉपच्या चाचण्या होतात एसीच्या खोलीत. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. मशीन बाहेरची हवा आत ओढूनच चिप गार करतं. ती हवाच तापलेली असेल तर प्रोसेसर आणि कार्ड जळू नयेत म्हणून आपला वेग स्वतः कमी करतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने देखण्या, पातळ लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. जाड बूड, मागे आणि बाजूला मोठ्या झडपा, हेच आपल्या हवेला सोसतं. आणि गादीवर ठेवून खेळायचं नाही. हवा खालूनच आत जाते.

लोडशेडिंगवाल्यांनीही भ्रमात राहू नये. 60 वॉट-अवरची बॅटरी 140 वॉटने उपसली तर अर्धा तासही पुरणार नाही. म्हणून पिन काढली की मशीन स्वतःच कार्डाची वीज कमी करतं आणि गेम अडखळायला लागतो.

मुलगा घरूनच कॉलेजला जाणार असेल, तर मी लॅपटॉप नकोच म्हणेन. तेवढ्याच पैशांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या ओळखीच्या असेंबलरकडे याहून दमदार डेस्कटॉप उभा राहतो आणि त्याचं कार्ड चार वर्षांनी बदलताही येतं. यूपीएस आणि मॉनिटरचे पैसे मात्र आधीच धरा.

लॅपटॉपच ठरला, तर बिल पक्कं घ्या. मशीनच्या बुडावरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते दुकानातच तपासा. आणि 'ऑन-साइट सर्व्हिस' लिहिलेलं असेल, तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि इंजिनिअर तिथे घरी येतो का, ते विचारा.