पटावरून उचललेली माणसे



२०२५ साली महिन्याभराच्या अंतराने दोन मोठी माणसे आपल्यातून गेली. २० मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर गेले आणि १८ जूनला याच सोलापुरात मारुती चितमपल्ली. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी चितमपल्ली होते. नारळीकर नाशिकच्या २०२१ च्या संमेलनाचे अध्यक्ष. जंगल आणि अवकाश हे साहित्याचे विषय नव्हेत असे मानणाऱ्यांच्या पंक्तीत या दोघांनी आपली पाने मांडली आणि पंक्तीला ती मान्य करावी लागली. दोघांनाही आपण उभे राहून आदरांजली वाहिली आहेच. आज मी ज्या लेखनाबद्दल बोलणार आहे, ते अजून दाराबाहेरच उभे आहे, म्हणून त्यांचे स्मरण आधी केले.

मी बोलणार आहे युद्धखेळांच्या जगात घडणाऱ्या अद्भुतकथांबद्दल आणि विज्ञानकथांबद्दल, आणि मुख्यतः त्यांच्या समीक्षेबद्दल. जुळे सोलापुरातल्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी डोकावून पाहा. मुले मोबाइलवर फौजा हलवत असतात, किल्ले लढवत असतात. यांतली काही मुले त्या खेळांच्या दुनियेवर लिहिलेल्या इंग्रजी कथा वाचतात, त्यांवर तावातावाने वाद घालतात. त्यांच्या आई-वडिलांना या वाचनाची कल्पना नसते आणि मराठी समीक्षकांना त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. मला हे खटकते. आपल्या पुढच्या पिढीचे वाचन जिथे घडते आहे, तिथे आपली समीक्षा गैरहजर आहे.

युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. चतुरंग इथलेच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला आणि राजाच्या करमणुकींत या खेळालाही जागा दिली. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर. आधुनिक युद्धखेळ मात्र प्रशियातला. राइसव्हिट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. खरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, फासे, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. खेळणाऱ्याने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा आणि पंचाने त्याला तेवढेच दाखवायचे, जेवढे रणांगणावरच्या सेनापतीला खरोखर दिसले असते. टेकडीपलीकडची शत्रूची फौज पंचाला ठाऊक असते, खेळणाऱ्याला नसते. कथालेखकाने यातून शिकावे असे बरेच आहे, त्याकडे मी पुढे येतो.

१९१३ साली एच. जी. वेल्सने शिशाच्या खेळण्यातल्या सैनिकांशी खेळायचे नियम पुस्तकरूपाने दिले आणि शेवटी आवर्जून लिहिले की खरे युद्ध या खेळाच्या तुलनेत किती अवाढव्य मूर्खपणा आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडमध्ये १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला, १९८७ साली त्याचे दूरच्या भविष्यात घडणारे भावंड ‘वॉरहॅमर ४०,०००’. रंगवलेल्या छोट्या मूर्तींच्या फौजा, जाडजूड नियमपुस्तके, आणि त्यांच्या मागे राज्यांचा, वंशांचा, धर्मवेडांचा एक अफाट इतिहास. १९८९ पासून या जगातल्या कथांची पुस्तके येऊ लागली. १९९७ साली त्यासाठी ‘इन्फर्नो’ नावाचे स्वतंत्र कथा-नियतकालिकच निघाले. आज या कथांचे कपाटच्या कपाट भरेल.

या कथांवर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा की जग उसने आहे, मग लेखकाचे काय राहिले? हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचे मला नवल वाटते. आपल्या याच जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात नाझरे गाव आहे. तिथल्या श्रीधरस्वामींनी ‘पांडवप्रताप’ लिहिला, ‘रामविजय’ लिहिला. त्यांतले एकही पात्र त्यांनी निर्माण केलेले नव्हते. युद्ध कोण जिंकणार, कोण पडणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होते. तरी घरोघर चातुर्मासात ती पोथी लागत होती. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तेव्हा श्रोता गोष्टीसाठी येतच नाही, गोष्ट त्याला पाठ असते. या बुवांनी अभिमन्यू कसा उभा केला, कुठे थांबले, कुठला प्रसंग गाळला आणि कुठला फुलवला, याची तो घरी जाताना चर्चा करतो. ही समीक्षाच आहे, आणि फार कसलेली समीक्षा आहे. उसन्या जगातल्या कथेचे मोल कसे करायचे हे आपल्या श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होते. लिहिणाऱ्या समीक्षकांनी ते त्यांच्याकडून घ्यायचे राहून गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाभारताचा कोणी मालक नाही. खेळाच्या जगाचा असतो. तिथले युद्ध संपू शकत नाही, कारण ते संपले तर मूर्ती विकायच्या कोणाला? मोठा सेनापती मरू शकत नाही, मेला तर कंपनीच्या परवानगीने मरतो. हे समीक्षकाने स्पष्ट लिहिले पाहिजे, लपवता कामा नये. पण म्हणूनच मी कादंबऱ्यांपेक्षा या जगातल्या लघुकथांकडे अधिक अपेक्षेने पाहतो. लघुकथेला साम्राज्याचे भवितव्य ठरवायचे नसते. एका खंदकातली एक रात्र, एका शिपायाने पाळलेला किंवा मोडलेला हुकूम, एवढे तिला पुरते. लहान माणूस मेला तर कंपनीचे काही बिघडत नाही, आणि तिथेच लेखक मोकळा होतो.

आता माझे मुख्य म्हणणे. युद्धखेळात जी सोंगटी मारली जाते, ती पटावरून उचलतात आणि बाजूला ठेवतात. पुढचा डाव तिच्याशिवाय चालतो. नियमपुस्तकाच्या दृष्टीने ती संपली. कथा तिथे सुरू व्हायला हवी. खेळाच्या जगातली कथा वाचताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की पटावरून उचललेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे या लेखकाला सांगावेसे वाटले का? तो रक्ताने न्हालेला होता एवढे सांगून लेखक पुढच्या धुमश्चक्रीकडे वळला असेल, तर त्याने खेळच पुन्हा खेळून दाखवला, फक्त फाशांऐवजी विशेषणे वापरली.

उदाहरण देतो. डॅन ॲब्नेट या इंग्रज लेखकाच्या ‘घोस्टमेकर’ या पुस्तकात एकाच पलटणीतल्या माणसांच्या कथा आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा आधी ‘इन्फर्नो’मध्ये आल्या होत्या. टॅनिथ हा त्यांचा ग्रह. पलटण उभी राहिली त्याच दिवशी तो नष्ट झाला. त्यांचा अधिकारी गाँट जमेल तेवढ्यांना घेऊन मागे हटला, आणि आपल्याला आपल्या भूमीसाठी मरू दिले नाही म्हणून तीच माणसे त्याचा राग करतात. बिनगावाची ही माणसे दुसऱ्यांच्या युद्धांत लढत फिरतात. पानिपतानंतरची मराठी घरे ज्यांनी बखरींतून, घराण्यांच्या कागदपत्रांतून वाचली आहेत, त्यांना ही वेदना परकी वाटणार नाही.

त्या पुस्तकात ‘ब्लड ओथ’ नावाची कथा आहे. माघारीचा हुकूम झाला आहे. पलटणीचा म्हातारा डॉक्टर डॉर्डन एका तात्पुरत्या इस्पितळात पोचतो तर तिथे जखमी पडलेले. तेही आपल्या माणसांचे नव्हेत. टॅनिथवाल्यांना कायम तुच्छ लेखणाऱ्या एका घमेंडखोर पलटणीचे, आणि त्यांना त्यांच्याच लोकांनी मागे टाकलेले. डॉर्डन निघायला नकार देतो. खेळाच्या हिशेबात या जखमींची किंमत शून्य. ते पटावरून केव्हाच उचलले गेले आहेत. पूर्ण कथा त्या शून्याभोवती उभी आहे. तिच्यात लढाई आहे, बंदुका आहेत, आरडाओरडा आहे, काही वाक्ये नको इतकी जोरकस आहेत. समीक्षकाने तेही लिहावे. तरीही ती कथा माझ्या मनातून जात नाही.

ती न जाण्याला सोलापूरही कारण आहे. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. कोटणीस मागे राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. युद्ध पाहण्याची ही एक जागा आहे, जखमी माणसाच्या उशापासून. कुठल्याही नकाशावर ती जागा दाखवत नाहीत. याच शहराने १९३० साली लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आपली चार माणसे फासावर गेलेली पाहिली. इथल्या वाचकाने लढाईची कथा केवळ डाव कसा रंगला म्हणून वाचू नये, अशी माझी अपेक्षा आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

मराठीकडे येतो. आपल्याकडे युद्धखेळाचा जो गाभा, म्हणजे ‘असे झाले असते तर’, त्यावरची सर्वोत्तम कथा नारळीकरांचीच आहे, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी चुकती तर? प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे ती चुकली. मराठे जिंकले, कंपनी सरकार मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी अडकून पडले, देश स्वतःच्या पायांनी लोकशाहीकडे आला. आता हे सगळे नारळीकर कसे सांगतात पाहा. पुष्कळसे ग्रंथालयातल्या पुस्तकांतून येते, तो भाग मला किंचित पाठासारखा वाटतो. पण आझाद मैदानातल्या सभेत गंगाधरपंत सवयीने अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, कारण त्या समाजाने अध्यक्षीय भाषणांची रीतच मोडीत काढलेली आहे. या एका प्रसंगातून ते जग किती बदलले आहे ते कळते. जग उभे करण्यासाठी दहा पाने माहिती लागत नाही, असा एक प्रसंग लागतो. खेळाच्या जगातल्या कथांची समीक्षा करताना मी हीच कसोटी लावतो, आणि बहुतेक कथा इथेच अडखळतात. पहिल्या दोन पानांत आठ पलटणींची नावे आणि तीन देवता! नवा वाचक तिथूनच परत फिरतो.

आणि पंचाची गोष्ट. जे पात्राला दिसत नाही ते वाचकाला दाखवू नये, हा राइसव्हिट्झचा नियम कथेच्या दृष्टिकोनाचा नियम आहे. खंदकातल्या शिपायाला सगळ्या आघाडीची स्थिती कळू लागली, की समजावे, लेखकाने नियमपुस्तक उघडून समोर ठेवले आहे.

आपल्या नियतकालिकांत विज्ञानकथेवर लिहिले जाते तेव्हा बहुधा दोनच गोष्टी तपासतात. विज्ञान बरोबर आहे का, आणि बोध काय. संग्रह असेल तर दर कथेला एक ओळ, कथानकाचा सारांश, आणि ‘वाचनीय’ हा शिक्का. संग्रहातल्या बारा कथांपैकी एकीवर दोन पाने लिहा, बाकीच्या अकरा सोडून द्या, माझी तक्रार नाही. पण त्या एकीची चाल, तिचा वेग, तिचा शेवट कुठे फसला, हे लिहा. कुठल्या मालिकेतली आहे, कुठल्या कंपनीची आहे, यावर आधी मत ठरवू नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हा तिच्यावर नाव होते नारायण विनायक जगताप. नारळीकरांनी आपले जगप्रसिद्ध नाव बाजूला ठेवून परीक्षकांना निव्वळ कथा वाचायला लावली. आपण खेळाचे नाव झाकून कथा वाचू शकतो का, ते पाहू या.

तरुण लेखकांना एक विषय सुचवतो. पानिपतावरचा कुठलाही युद्धखेळ मांडा. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा असतील, शिंदे-होळकरांचे घोडदळ असेल, अब्दालीचे उंटांवरचे जंबुरके असतील. बुणगे नसतील. तीर्थयात्रेला निघालेले, बायका, पोरे, व्यापारी, नोकरचाकर, असा प्रचंड जमाव त्या फौजेसोबत होता, त्याला रोज खायला लागत होते, आणि अखेरीस उपाशी फौजेला त्या दिवशी बाहेर पडून लढावे लागले. ज्यांची पटावर सोंगटीच नव्हती, त्यांनी पटावरचा डाव ठरवला. भाऊसाहेबांच्या डोळ्यांनी पानिपत पुष्कळ लिहून झाले आहे. त्या जमावातल्या एका बाईच्या डोळ्यांनी एक दिवस लिहा. हवे तर दुसऱ्या ग्रहावर नेऊन लिहा, जंबुरक्यांऐवजी प्रकाशाची शस्त्रे द्या, मला चालेल. तिला संध्याकाळपर्यंत काय दिसले तेवढेच सांगा.

दिवाळी अंकांच्या संपादकांपैकी काही जण इथे बसले आहेत. अशी कथा आली तर तिला ‘बालविभागा’त ढकलू नका, आणि तिच्यावरचे परीक्षण कथा वाचलेल्या माणसाकडूनच लिहून घ्या.